पक्की मांड : बेन जॉन्सन या नटाविषयी

बेन जॉन्सन हे नाव उच्चारले, की इंग्रजीच्या प्राध्यापकांना शेक्सपिअरचा समकालीन नाटककार आठवतो. खेळांच्या शौकिनांना १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकून तीनच दिवसांत पदक गमावून बसलेला कॅनडाचा धावपटू आठवतो. मला ज्या बेन जॉन्सनविषयी लिहायचे आहे तो तिसराच. तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचा गुराखी आणि पुढे चित्रपटांतला नट. त्याचे नाव सांगून कोणाला काही बोध होत नाही. पण छायाचित्र दाखवले, तर जुने इंग्रजी चित्रपट पाहिलेला माणूस चटकन म्हणतो, "अरे, हा तर नेहमीचाच!"

या 'नेहमीचाच' शब्दात किती मोठी पदवी दडली आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. तेवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

वेस्टर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांशी आपल्याकडच्या प्रेक्षकांचा परिचय जुना आहे. एकच धुळीचा रस्ता असलेले गाव, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची दुकाने, एक दारूचा गुत्ता, दूरवर तांबडे डोंगर, आणि त्या डोंगरातून एकटाच येणारा घोडेस्वार. तो येतो, गावातल्या दुष्टांचा निकाल लावतो आणि शेवटी आला तसा निघून जातो. बारकाईने पाहिले तर या कथेतला नायक हा पाहुणा असतो. गाव त्याचे नसते. गाव असते ते दुकानदाराचे, लोहाराचे, सार्जंटचे, गुत्त्यात कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याचे. नायक येण्यापूर्वीही हे लोक तिथे होते आणि तो गेल्यावरही राहणार आहेत, असा विश्वास आपल्याला वाटला तरच नायकाच्या येण्याजाण्याला अर्थ येतो. लग्नघरात नवरदेवाकडे सर्वांचे डोळे असतात हे खरे. पण कोठीघराची किल्ली कनवटीला लावून पहाटेपासून हिंडणारा एखादा अबोल काका नसेल, तर पंगतीची काय अवस्था होईल? वेस्टर्न चित्रपटांतले दुय्यम नट हे असे कोठी सांभाळणारे काका होत. वॉल्टर ब्रेनन, वॉर्ड बाँड, अँडी डिव्हाइन, हॅरी केरी धाकटा, अशी कितीतरी नावे घेता येतील. बेन जॉन्सन त्यांच्यातला एक. पण त्यांच्यातल्या कोणाहीपेक्षा त्याच्यावर एक आक्षेप अधिक जोराने घेतला गेला. तो आक्षेप असा, की हा मनुष्य मुळात नटच नव्हता. तो घोड्यावर बसत होता, एवढेच.

आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी त्याचे चरित्र थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण आक्षेपाचे बी त्याच्या चरित्रातच आहे.

जन्म १३ जून १९१८, ओक्लाहोमातल्या ओसेज परगण्यातले फोरेकर हे लहानसे गाव. वडिलांचे नावही बेन जॉन्सनच! ते मोठ्या गोठाणावर मुकादम होते आणि गुरांना फास टाकण्याच्या स्पर्धांत त्या मुलुखात त्यांचा दबदबा होता. म्हणजे नाव आणि विद्या ही दोन्ही मुलाला वारसाहक्काने मिळाली. शाळेपेक्षा खोगिरावर अधिक वेळ गेला. पुढे १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य निर्मात्याने 'द आउटलॉ' या चित्रपटासाठी घोडे खरेदी केले, आणि ते घोडे पोचते करण्याच्या निमित्ताने हा तरुण चित्रपटवाल्यांच्या गोतावळ्यात आला. गुराखी म्हणून त्याला दिवसाला एक डॉलर मिळत असे. हॉलिवुडचा पहिला धनादेश तीनशे डॉलरांचा होता, असे तो स्वतः सांगत असे. ज्या माणसाला दहा महिन्यांची मजुरी एकदम हातात पडते, त्याला परत जा असे कोणी सांगावे? तो राहिला. चित्रपटांना घोडे पुरवणाऱ्या फॅट जोन्स या व्यापाऱ्याच्या मुलीशी, कॅरोलशी, १९४१ मध्ये त्याचे लग्न झाले आणि ते १९९४ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत टिकले. हॉलिवुडच्या मानाने ही गोष्ट नमूद करण्यासारखीच आहे.

सुरुवातीची काही वर्षे तो पडद्यावर होता आणि नव्हताही. नायकाने भरधाव घोडा फेकायचा असेल, चालत्या गाडीवरून उडी घ्यायची असेल, तर नायकाचे कपडे घालून हा ते करी. चेहरा कॅमेऱ्याकडे नाही, नाव कुठे नाही. जॉन फोर्डच्या 'फोर्ट अपाची' (१९४८) या चित्रपटात तो हेन्री फोंडाच्या जागी घोड्यावर बसत होता. चित्रीकरण चालू असताना एका गाडीचे घोडे उधळले. गाडीत तीन माणसे. जॉन्सन जवळच घोड्यावर होता. त्याने घोडा पिटाळला, उधळलेले घोडे आवरले आणि माणसे वाचली. फोर्डने याचे बक्षीस मिळेल असे सांगितले. याला वाटले, अशीच आणखी एखादी उडी मारण्याचे काम मिळेल. मिळाला तो सात वर्षांचा करारनामा. जॉन्सन सांगे, की आपण पाचव्या ओळीपर्यंत वाचले. तिथे आठवड्याला पाच हजार डॉलर असा आकडा दिसला, आणि पुढचे न वाचताच सही ठोकली.

गोष्ट गमतीची आहे, पण टीकाकारांच्या हाती कोलीत देणारीही आहे. घोडे आवरले म्हणून नट झालेला माणूस! ना रंगभूमीची तालीम, ना शब्दफेक, ना चेहऱ्यावर भावनांचे खेळ. आपल्याकडे तर ही शंका अधिकच रास्त वाटेल, कारण आपली अभिनयाची कल्पना रंगभूमीवर घडलेली आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. आपल्या संगीत नाटकाने आणि पुढच्या गद्य नाटकानेही त्यांतल्या वाचिकाला पाटावर बसवले आणि बाकीच्या तिघांना ओसरीवर. जो चांगला बोलतो तो चांगला नट, हा आपला मनातला हिशेब. बेन जॉन्सन या हिशेबात बसत नाही. तो कमी बोलतो, आणि बोलतो तेही ओक्लाहोमाच्या खेडवळ हेलात, जणू शब्दांना पैसे पडतात.

पण फोर्डचा 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९) एकदा या दृष्टीने पाहावा. जॉन्सन त्यात सार्जंट टायरी आहे. पुढे शत्रूचा माग काढत जाणारा, पथकाचा डोळा म्हणावा असा स्वार. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या प्रचंड तांबड्या सुळक्यांमधून तो एकटा घोडा फेकत येतो, मागे पाठलाग, आणि वाटेत एक खोल घळ. घोडा ती घळ ओलांडतो. हे दृश्य हजारो चित्रपटांत आहे. मग हेच डोळ्यांत का राहते? कारण एरवी अशा जागी दिग्दर्शकाला दृश्य तोडावे लागते. आधी नायकाचा चेहरा जवळून, मग दुरून कोणा दुसऱ्याच माणसाची पाठ, मग पुन्हा नायकाचा चेहरा. जॉन्सनच्या बाबतीत हे करण्याचे कारणच नव्हते. चेहराही त्याचा, घोडाही त्याचाच. कॅमेऱ्याने कुठूनही पाहावे. आणि पाहिले म्हणजे दिसते ती त्याची मांड. खाली घोडा चौखूर उधळलेला, आणि वर कंबरेपासून खांद्यांपर्यंत माणूस स्थिर. लगामाचा हात खाली, सैल. इतर नट घोड्यावर बसतात तेव्हा 'मी आता घोड्यावर बसलो आहे' हे त्यांच्या अंगावर लिहिलेले असते. जॉन्सन घोड्यावर विचार करतो. घोडा धावत असताना त्याचे डोळे समोरची वाट पाहत असतात, आणि त्या पाहण्यावरूनच आपल्याला कळते की संकट किती दूर आहे. याला आंगिक अभिनय म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

टायरीच्या भूमिकेत आणखीही एक खुबी आहे. हा सार्जंट पूर्वी दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन होता. यादवी युद्धात दक्षिण हरली, आणि आता तो जिंकणाऱ्यांच्या फौजेत खालच्या हुद्द्यावर चाकरी करतो आहे. त्याचा अधिकारी, म्हणजे जॉन वेन, त्याला पुढच्या धोक्याविषयी विचारतो. ते सांगणे हे माझे काम नव्हे, असे टायरी आधी तुटकपणे म्हणतो आणि मग अगदी अचूक अंदाज सांगून मोकळा होतो. हा प्रकार दोनतीनदा घडतो आणि आपण दर वेळी हसतो. पण त्या तुटकपणात हरलेल्या माणसाचा मान आहे. हुद्दा गेला, तरी अक्कल गेलेली नाही. आणि ती फुकट वाटायची नाही. याच चित्रपटात, दक्षिणेचा एकेकाळचा सेनानी असलेला एक म्हातारा शिपाई मरतो आणि दक्षिणेच्या लहानशा निशाणासह त्याला मूठमाती देतात. टायरी तिथे उभा असतो. तो रडत नाही, भाषण करीत नाही. उभे राहण्यातच एक बुडालेले राज्य उभे राहते. दिग्दर्शकाचा हा मोठेपणा तर खराच. पण हे ओझे पेलायला माणूसही तसाच लागतो.

पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, फोर्डने त्याला 'वॅगन मास्टर'मध्ये जवळजवळ नायकच केले. मॉर्मन पंथाच्या लोकांचा तांडा पश्चिमेकडे निघाला आहे, आणि घोड्यांचा व्यापार करणारे दोन तरुण त्यांचे वाटाडे होतात. जॉन्सन आणि हॅरी केरी धाकटा हे ते दोघे. फोर्डच्या स्वतःच्या आवडत्या चित्रपटांपैकी हा एक. त्याच साली आलेल्या 'रिओ ग्रान्दे'मध्ये जॉन्सन, केरी आणि क्लॉड जार्मन हा पोरसवदा नट दोन दोन घोड्यांच्या पाठीवर उभे राहून, एक पाय एकावर, दुसरा दुसऱ्यावर, स्वतः दौड करतात. त्यापूर्वी 'मायटी जो यंग' (१९४९) या प्रचंड वानराच्या चित्रपटातही त्याला मुख्य भूमिका मिळाली होती. म्हणजे नायक होण्याची संधी त्याला मिळाली नाही असे नाही. तरीही तो नायक झाला नाही. का?

मला वाटते, नायकाला पडद्यावर एक प्रकारचा हक्क सांगावा लागतो. सर्वांनी माझ्याकडे पाहा, असा तो हक्क. वेनच्या चालण्यात तो होता, गॅरी कूपरच्या संकोचातही होता. जॉन्सनच्या अंगात तो नव्हता. 'वॅगन मास्टर'मध्ये तो प्रेमळ आहे, प्रसन्न आहे, पण चित्रपट आपल्या खिशात घालावा असे त्याला वाटतच नाही. तो तांड्यातला एक होऊन जातो. त्या चित्रपटाचे सौंदर्यही नेमके त्यात आहे, कारण तिथे तांडा हाच नायक आहे. पण तिकिटविक्रीच्या हिशेबाला असले सौंदर्य परवडत नाही.

'रिओ ग्रान्दे'च्या वेळीच फोर्डशी त्याचे बिनसले. फोर्ड हा जसा मोठा दिग्दर्शक, तसाच जिभेचा तिखट. भल्याभल्या नटांना तो चारचौघांत रडकुंडीला आणी. एके रात्री जेवणाच्या टेबलावर जॉन्सन शेजाऱ्याशी काही बोलला, ते फोर्डने ऐकले आणि सर्वांसमक्ष त्याचा पाणउतारा केला. जॉन्सन उठला, जाता जाता फोर्डला चार स्पष्ट शब्द सुनावले आणि निघून गेला. ज्या माणसाने आपल्याला वर काढले त्याच्यासमोर मान ताठ ठेवणे सोपे नसते. याची किंमतही पडली. फोर्डच्या चित्रपटात तो पुन्हा दिसला तो थेट १९६४ मध्ये, 'शायेन ऑटम'मध्ये, आणि तोही एका किरकोळ भूमिकेत.

या मधल्या काळातले त्याचे सर्वांत सरस काम म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्सच्या 'शेन' (१९५३) मधला ख्रिस कॅलोवे. शेन गुत्त्यात येऊन लहान मुलासाठी सरबताची बाटली मागतो. कॅलोवे त्याची टर उडवतो आणि त्याच्या सदऱ्यावर दारू फेकतो. पुढे मारामारीत शेन त्याला चांगलाच बडवतो. असल्या पात्राचे काम एरवी इथे संपते. पण चित्रपटाच्या अखेरीस हाच कॅलोवे रात्री गुपचूप येतो आणि शेनला सांगतो, की ठरलेली भेट हा सापळा आहे. मी ही टोळी सोडून चाललो. त्याचे मन का पालटले? कथेत त्याचे धड कारण दिलेले नाही. जॉन्सनही ते देत नाही. तो नजर थोडी खाली ठेवून, ओशाळल्यासारखा, मोजके शब्द बोलतो, आणि आपल्याला पटते. लाज वाटणे ही गोष्ट माणसाला बदलू शकते, हे या दीडदोन मिनिटांत जेवढे दिसते तेवढे एखाद्या लांबलचक पश्चात्तापाच्या भाषणात दिसले नसते. साऱ्या चित्रपटात शेनच्या गोळीने माणसे मरतात. त्याच्या वागण्याने सुधारलेला खलपुरुष हा एकटाच.

'शेन' पडद्यावर आला त्या वर्षी हा गृहस्थ चित्रपटधंद्यात नव्हताच! तो रोडिओच्या मैदानांवर हिंडत होता. रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या कसबाची जत्रा. आपल्या विदर्भातला शंकरपट जसा शेतकऱ्याच्या बैलजोडीचा अभिमान, तसा हा गुराख्याच्या दोरीचा आणि घोड्याचा. त्यात दोघा स्वारांनी मिळून गुराला फास टाकण्याची स्पर्धा असते. एकाने शिंगांत फास टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांत, आणि तेही घड्याळाच्या काट्याशी झुंजत. १९५३ साली बेन जॉन्सन या प्रकारात जगज्जेता ठरला. वडिलांची विद्या आपल्याला खरोखर येते का, हे त्याला एकदा तपासून पाहायचे होते. विद्या खरी ठरली. पण वर्षभराच्या प्रवासखर्चात कमाई वाहून गेली. जगज्जेतेपद मिळाले, पण हाती उरली एक खिळखिळी मोटार आणि रागावलेली बायको, असे तो हसत सांगे. तो मुकाट्याने चित्रपटांत परतला. जगज्जेता गुराखी आणि ऑस्करविजेता नट असा दुहेरी मान मिळवणारा माणूस त्याच्याखेरीज दुसरा झालेला नाही.

साठीच्या दशकात वेस्टर्न चित्रपटाचा रंग पालटला. भाबडेपणा गेला, रक्त आले. मार्लन ब्रँडोच्या 'वन आइड जॅक्स' (१९६१) मध्ये जॉन्सन विखारी झाला, आणि सॅम पेकिनपाच्या 'द वाइल्ड बंच' (१९६९) मध्ये तो दरोडेखोर टेक्टर गॉर्च झाला. वॉरन ओट्स हा त्यातला त्याचा भाऊ. हे दोघे भाऊ हावरट, मठ्ठ आणि भांडकुदळ. चित्रपटाच्या सुरुवातीला ते कुरकुर करतात, की टोळीत नवीन आलेल्या एंजेल या पोराला आमच्याएवढा वाटा कशाला? आणि चित्रपटाच्या अखेरीस त्याच एंजेलला सोडवण्यासाठी चौघे जण शेकडो सैनिकांच्या तळात खांद्याला खांदा लावून चालत जातात. त्या चौघांत हे दोघे भाऊ असतात. आयुष्यभर वाट्याचे हिशेब करणारी माणसे, जिथे वाटा म्हणून फक्त मरण आहे तिथे निघाली. टेक्टरला याचे तत्त्वज्ञान ठाऊक नाही. जॉन्सन ते असल्याचा आवही आणत नाही. तो फक्त पावलाला पाऊल मिळवतो. या चित्रपटातला रक्तपात सर्वांना रुचेल असा नाही, आणि मुलाबाळांनी पाहण्याजोगा तर नाहीच. पण पूर्वीचा सज्जन टायरी ज्यांना आठवतो, त्यांना त्याच खोगिरावरची ही दुसरी, काळवंडलेली आकृती पाहून चरका बसल्याशिवाय राहत नाही.

मग आला 'द लास्ट पिक्चर शो' (१९७१). लॅरी मॅकमर्ट्री यांची कादंबरी, दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच. टेक्सासमधले एक ओस पडत चाललेले गाव, साल १९५१ च्या आसपासचे. गावातले चित्रपटगृह, खाणावळ आणि बिलियर्ड्सचा अड्डा या तिन्हींचा मालक म्हणजे म्हातारा सॅम. गावातल्या बेवारशी पोरांना बापाच्या जागी असलेला. बोग्दानोविचने जॉन्सनला विचारले आणि त्याने चक्क नाही म्हटले. संहितेतली शिवराळ भाषा त्याला पसंत नव्हती, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे संवाद फार होते! अखेर बोग्दानोविच जॉन फोर्डकडे गेला. त्या वेळी तो फोर्डवर माहितीपट करीत होता. फोर्डने फोन उचलला आणि जुन्या भांडणाची बूज न राखता जॉन्सनला विचारले, की जन्मभर वेनचा जोडीदार म्हणूनच राहायचे आहे काय? जॉन्सनने काम स्वीकारले. ज्याने त्याला पहिली संधी दिली, मग चौदा वर्षे दूर ठेवले, त्यानेच त्याला त्याच्या सर्वश्रेष्ठ भूमिकेत ढकलले.

या चित्रपटात जॉन्सन दहा मिनिटेसुद्धा दिसत नाही. मध्यावरच, तोही पडद्याआड, सॅम मरतो. गावाबाहेर गेलेली पोरे परततात तेव्हा त्यांना बातमी कळते. पण त्याआधी एक प्रसंग आहे. गावाबाहेरच्या एका तळ्याकाठी सॅम दोन पोरांना घेऊन मासे धरायला बसला आहे. तो सिगरेट वळतो आणि बोलू लागतो. वीस वर्षांपूर्वी याच तळ्यावर तो एका तरुण बाईबरोबर येत असे. ती दुसऱ्याची पत्नी. तिने पैज लावून या तळ्यातून घोडा पोहून नेला होता. सांगता सांगता कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. आवाज चढत नाही, डोळे भरून येत नाहीत. तशी बाई आज समोर आली, तर आपण पाच मिनिटांत पुन्हा तितकेच खुळे होऊ, असे तो कबूल करतो. आणि त्याचे त्याला हसू येत नाही. हसू येते ते हाडांचा सापळा होऊन म्हातारे होण्याचे.

जो मनुष्य बावीस-तेवीस वर्षे पडद्यावर मोजकेच बोलला, तो इथे मनातले बोलतो. त्या बोलण्याला जे वजन आहे ते लेखणीचे तर आहेच. पण त्यामागे सारे जुने चित्रपट उभे आहेत. आपण टायरीला घळ ओलांडताना पाहिलेले असते. म्हणून सॅमने घोडे पोहणीला घातल्याची आठवण सांगितली, की ती आपल्यालाही आठवते. दुसऱ्या एखाद्या निष्णात नटाने ही भूमिका कदाचित अधिक सफाईने केली असती. पण त्याला त्या तळ्याचे पाणी लागले नसते. गंमत अशी, की या गावातले चित्रपटगृह बंद होते तेव्हा तिथे शेवटचा खेळ लागतो तो 'रेड रिव्हर'चा, म्हणजे वेस्टर्नचाच. एका जगाचा अंत सांगणाऱ्या चित्रपटात त्या जगाचा खराखुरा रहिवासी घ्यावा, ही दिग्दर्शकाची योजना होती, आणि जॉन्सनने ती फोल ठरू दिली नाही. एप्रिल १९७२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट साहाय्यक नटाचे ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटातला तरुण जेफ ब्रिजेसही त्याच पारितोषिकाच्या स्पर्धेत होता.

यावरून त्याला सर्व काही साधत होते, असे मात्र मी म्हणणार नाही. 'डिलिंजर' (१९७३) मध्ये त्याने मेल्व्हिन पर्व्हिस या पोलीस अधिकाऱ्याचे काम केले. खरा पर्व्हिस त्या वेळी तिशीचा होता आणि जॉन्सन पंचावन्नाच्या घरात. तिथे मोटारी, हॅट आणि सिगार यांच्या गराड्यात तो अवघडल्यासारखा दिसतो. त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, की त्याची कला अर्धी होई. आणि वेनबरोबरच्या उत्तरकाळातल्या कितीतरी चित्रपटांत तो केवळ हजेरी लावतो.

याहून गंभीर गोष्ट ती ज्या चित्रपटांत वावरला त्यांच्याविषयी आहे. ज्या मुलुखात तो जन्मला तो ओसेज लोकांचा. आणि फौजी गणवेशात त्याने ज्यांचा माग काढला, ते पडद्यावर बहुतेक वेळा धुळीच्या लोटातून किंचाळत येणारे बिनचेहऱ्याचे शत्रू होते. फोर्डला उतारवयात याची टोचणी लागली असावी. 'शायेन ऑटम' ही त्याने दिलेली कबुली. १८७८ मध्ये शायेन लोक सरकारने नेमून दिलेला प्रदेश सोडून आपल्या मूळ भूमीकडे पायी निघाले, त्याची ती कथा. तो नेमून दिलेला प्रदेश म्हणजे पुढे ओक्लाहोमा झालेली भूमी. म्हणजे जॉन्सन ज्या मातीत वाढला, तिथूनच ते निघाले होते, आणि चित्रपटात तो त्यांचा पाठलाग करणाऱ्या फौजेतला शिपाई होता. त्यातही शायेन पुढाऱ्यांची कामे रिकार्दो मोंताल्बान आणि गिल्बर्ट रोलंड यांसारख्या मेक्सिकन नटांनी केली. कबुली अपुरीच राहिली. जुन्या वेस्टर्नवर प्रेम करणाऱ्याने हे नजरेआड करू नये. घोडेस्वाराची मांड सुंदर होती हे जितके खरे, तितकेच तो घोडा कोणाच्या शेतातून गेला हे विचारणेही खरे.

पुढे तो पुष्कळ वर्षे काम करीत राहिला. ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनातल्या मेसा येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, 'द इव्हनिंग स्टार' हा त्याचा शेवटचा चित्रपट आला. त्याची कादंबरीही मॅकमर्ट्री यांचीच.

आता त्या आक्षेपाकडे वळू. तो नट होता की नुसता घोडेस्वार? मला वाटते, प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. नाटकातला नट रात्री नऊला राजा होतो आणि बाराला परत येतो. त्याची किमया रूपांतराची. चित्रपटाला ती किमया तर लागतेच, पण आणखीही एक गोष्ट लागते. ती म्हणजे कॅमेऱ्यापुढे खोटे न पडणारे शरीर. दोर कसा वळायचा, थकलेल्या जनावराला कसे थोपटायचे, दिवसभराच्या रपेटीनंतर रिकिबीतून पाय कसा निघतो, हे शिकवणी लावून येत नाही. ते ज्याच्या अंगी असते त्याने अभिनय करताना एकच पथ्य पाळायचे असते, की त्याचे प्रदर्शन मांडायचे नाही. हे पथ्य दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे. जगज्जेत्या गुराख्याला, आपण जगज्जेते आहोत हे पडद्यावर एकदाही सुचवावेसे वाटू नये, यात मोठा संयम आहे, आणि संयम हा अभिनयाचा अर्धा भाग आहे. भरतमुनींच्या भाषेत सांगायचे तर त्याचे आंगिक इतके खरे होते, की सात्त्विकाला वेगळी वाट शोधावी लागली नाही. ते त्याच घोड्यावर बसून आले.

या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना जुने इंग्रजी चित्रपट पाहण्याची लहर आली, तर 'वॅगन मास्टर' लावावा. तो मुलांनाही चालेल, आणि तासा-दीड तासात संपेल. नायक कोण, असे मुलांनी विचारले तर घाईने उत्तर देऊ नये. तांडा नदी ओलांडताना एक तरुण घोडा बाजूला घेऊन उभा असतो आणि गाड्या नीट पार होतात की नाही ते पाहत असतो. मुलांचे लक्ष त्याच्याकडे आपोआप जाईल.